चार हात सरकलेला म्हसोबा

बाबा,

आपल्या स्वयंपाकघराची पूर्वेकडची भिंत अजून उभी आहे. गेल्या उन्हाळ्यात तिला ओल धरली म्हणून प्लॅस्टर नव्यानं करून घेतलं, तेव्हा गवंड्यानं विचारलं, हे कंपाउंड मधेच असं कोपरा काढून का वळवलंय, सरळ करून टाकू का. मी नको म्हटलं. तो आपल्या माणसाला हळूच म्हणाला की जुन्या लोकांना मोजता येत नसेल. हे तुमच्या घराबद्दल कुणी म्हणावं याचं मला इतकं हसू आलं की चहाचा कप खाली ठेवावा लागला. तुम्ही असता तर त्याला तिथल्या तिथं टेप धरायला लावलं असतंत.

तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत पत्र लिहावंसं वाटलं नाही असं नाही, पण आज बसले त्याला कारण आहे. काल माझ्या वकिलीच्या ऑफिसात एक नवरा-बायको आले होते. बीड बायपासच्या बाजूला प्लॉट घेऊन त्यांनी घर बांधलं, स्लॅब पडला, रंग झाला, आणि मोजणीत निघालं की घराची चार फुटांची पट्टी शेजाऱ्याच्या जागेत आहे. शेजारी पुण्याला असतो, त्याला यातलं काही ठाऊक नाही. मी त्यांना सगळं नीट समजावलं. तो ताबा मागायला दावा लावू शकतो, बांधकाम पाडायचा हुकूम मागू शकतो. चूक होती की मुद्दाम केलं, किती जागा गेली, तो किती काळ गप्प बसला, हे सगळं कोर्ट बघतं, आणि कधी कधी पाडण्याऐवजी भरपाईवर भागतं. पण कळल्यावर तुम्ही काय केलंत, हे सगळ्यात आधी बघितलं जातं. नवऱ्यानं मान हलवली आणि खाली बघत विचारलं, "मॅडम, पण तो काही बोललाच नाही तर?" बाबा, हा प्रश्न मी ओळखला. तो मीच तुम्हाला विचारला होता, अदालत रोडवर, भर दुपारी.

तुम्ही मोजणीदार होतात. निजामाच्या काळात उर्दूतून शिकलात, पोलीस अ‍ॅक्शननंतर चार-पाच वर्षांत मोजणी खात्यात लागलात, आणि जुने उर्दू नकाशे वाचणारी माणसं ऑफिसातून एकेक करून निवृत्त होत गेली तसा तुमचा भाव वाढत गेला. सिल्लोडपासून पैठणपर्यंत किती बांध तुमच्या पायाखालून गेले असतील याचा हिशेब तुम्हालाही सांगता आला नसता. लहानपणी सुट्टीत एकदा तुम्ही मला बिडकीनकडच्या एका मोजणीला नेलं होतं. दोन भाऊ, एक बांध, आणि दोघांच्याही बायका चहाचे पेले घेऊन उभ्या. तुम्ही दोन्ही पेल्यांना हात जोडलेत आणि पिशवीतली स्वतःची पाण्याची बाटली काढलीत. मोजणी संपेपर्यंत कुणाच्याच घरचा घोट घ्यायचा नाही, हा तुमचा नियम. दुसरा नियम नोटिशीचा. शेजारच्या सगळ्या खातेदारांना नोटीस पोचली नसेल तर तुम्ही मोजणीची साखळी उलगडत नव्हता, समोर तहसीलदार उभा असला तरी.

आणि दगडांवर तुमचा विश्वास नव्हता. हद्दीचा दगड रात्रीतून चालतो, म्हणायचात. एका पावसाळ्यात बोटभर, दुसऱ्यात वीतभर, आणि पोरगं शाळेतून कॉलेजात जाईपर्यंत दगड शेजाऱ्याच्या विहिरीजवळ. फक्त एका दगडाला तुम्ही मानत होतात, शेंदूर फासलेल्या. बांधाच्या टोकाला म्हसोबा असेल तर तुम्ही खूश. माणूस भावाची जमीन खाईल, पण देवाला हलवायची कुणाची छाती नाही, तो जिथं बसला तिथं बसला, असं तुम्ही नव्या पोरांना शिकवायचात. तीस वर्षांच्या नोकरीत या एका गोष्टीनं तुम्हाला कधी दगा दिला नव्हता. दिला तो आपल्याच घरी.

आपला प्लॉट त्या शेताचा पहिला. पश्चिमेला गाडरस्ता, रस्त्याच्या कडेला शेताचा कोपरा, आणि कोपऱ्यावर म्हसोबा. शेतकऱ्यानं वावराचे प्लॉट पाडून विकले तेव्हा तुम्ही पहिला घेतलात आणि आपल्या पूर्वेचा, दुसरा, फर्दापूरच्या सरकारी दवाखान्यातल्या एका सिस्टरनं घेतला. ती खरेदी करून गेली ती गेलीच. तिच्या प्लॉटवर गाजरगवत माजलं.

घर बांधायचं ठरलं तेव्हा मोजणीचा अर्ज तुम्ही केला नाहीत. हाताखालच्या पोरांना साहेबाचा प्लॉट मोजायला लावणं बरं दिसत नाही, असं आईला सांगितलंत. आईनं ते ऐकून घेतलं, पण खरं कारण तिला आणि मला, दोघींनाही माहीत होतं. तुमच्यापेक्षा चांगलं मोजणारा तुम्हाला कुणी दिसतच नव्हता. सिस्टरला नोटीस नाही, पंच नाही, काही नाही. रविवारी सकाळी तुम्ही, गवंडी आणि बारा वर्षांची मी. टेपचं टोक म्हसोबाला लावून धरायला तुम्ही मला बसवलंत. "हलू देऊ नको गं," म्हणालात. मी अजिबात हलू दिलं नाही. टेप पूर्वेकडे गेला, चाळीस फुटांवर तुम्ही खुंटी ठोकलीत, आणि त्या खुंटीच्या अलीकडे आईचं स्वयंपाकघर आखलं गेलं.

आईची मागणी एकच होती, उभ्याचा ओटा. जुन्या शहरातल्या भाड्याच्या दोन खोल्यांत तिनं चौदा वर्षं बोळात पडदा लावून, खाली बसून स्वयंपाक केला होता, मालकिणीच्या नळाची वेळ सांभाळत. नव्या घरात पूर्वेच्या भिंतीला लांब ओटा, वर खिडकी, खिडकीतून सकाळचं ऊन थेट पिठाच्या परातीत. पहिल्या दिवशी ती नुसतीच ओट्याशी उभी राहिली होती. काय करतेस विचारलं तर म्हणाली, काही नाही, उभी राहून बघतेय.

अकरा वर्षं त्या ओट्यावर पोळ्या झाल्या. मग एका अमावास्येला शेतकऱ्याची म्हातारी आई नेहमीसारखी म्हसोबाला नारळ घेऊन आली. तुम्ही ताप म्हणून घरी होतात. नारळ फोडून झाल्यावर ती आपल्या पायरीवर पाणी प्यायला बसायची, तशी बसली. तुम्ही सहज विचारलंत, हा देव किती पिढ्यांचा. तुम्हाला वाटलं ती सासऱ्याचं, आजेसासऱ्याचं काही सांगेल. ती म्हणाली, "देव लई जुना हाय, साहेब, पर ह्यो हितला न्हाई. त्यो तकडं व्हता, सडकंच्या कडंला. गाडीचं चाक देवाला घासाया लागलं. मंग म्या पाच सवाशिणी बोलावल्या, नारळ फोडला, अन् चार हात अल्याड घेतला."

तुम्ही कधी म्हणून विचारलंत. ती म्हणाली, तुम्ही प्लॉट घेतला त्याच्या आदल्या साली. मी दारात उभी होते. तुम्ही हातातला तांब्या खाली ठेवलात आणि तेच पुन्हा विचारलंत. बिचारीला वाटलं तुमचा ताप वाढला. तिनं कुणाची जमीन खाल्ली नव्हती. देवाला चाक लागू नये म्हणून तिनं जे करायचं ते रीतसर केलं होतं. एवढंच, की माणसं देवाला हलवत नाहीत असं तुम्ही धरून चाललात, आणि बायका त्याची काळजी घेतात हे तुमच्या कुठल्या नकाशात नव्हतं.

रविवारी आपण पुन्हा मोजलं. या वेळी तुम्ही शेताच्या पार दुसऱ्या टोकाच्या सरकारी दगडावरून सुरुवात केलीत, जुन्या नकाशाची नक्कल मांडीवर घेऊन. मी तेवीस वर्षांची, लॉ कॉलेजात दुसऱ्या वर्षाला, आणि पुन्हा टेपच्या टोकाशी. तुम्ही तीनदा मोजलंत. तिन्ही वेळा सहा फुटांचा फरक, म्हातारीचे चार हात. पश्चिमेला रस्त्याकडे आपले सहा फूट आपण रस्त्याचे समजून सोडून दिले होते, आणि पूर्वेला सिस्टरचे सहा फूट घेऊन बसलो होतो. तुम्ही उठून आत गेलात. आई ओट्याशी उभी राहून पोळ्या लाटते आहे. तुम्ही दारातूनच तिला म्हणता, "तू जिथं उभी आहेस ना, ती जागा आपली नाही." आई वळून बघते, हातात लाटणं तसंच. "मग कुठं उभी राहू?" ती विचारते. तिला खरंच कळलेलं नसतं.

दुसऱ्या दिवशी आपण तुमच्या ओळखीच्या जुन्या वकिलांकडे गेलो. ते हैदराबादला शिकलेले, मराठी बोलता बोलता मधेच दख्खनीत शिरायचे. त्यांनी सगळं ऐकलं आणि हसले. "मोजणीदारसाब, ग्यारा साल तो हो गए. एक साल और चुप बैठो. बारा पूरे हुए की बाई कुछ नहीं कर सकती." तुम्ही त्यांचे आभार मानलेत आणि उठलात. मला मात्र अंगावरून ओझं उतरल्यासारखं झालं होतं. बारा वर्षं उघड ताबा ठेवला की मूळ मालकाचा हक्क संपतो, हा कायदा मी नुकताच शिकले होते. चुकून बसलेल्या माणसाचा ताबा त्यात बसतो की नाही यावर वकील दोन्ही बाजूंनी वाद घालू शकतात, हे पुढं वकिली करताना कळलं. तेव्हा मला फक्त बारा हा आकडा दिसत होता आणि त्यातून गेलेले अकरा.

अदालत रोडनं चालत येताना मी तुम्हाला समजावत होते. आपण काही चोरी केलेली नाही. ती बाई अकरा वर्षांत एकदा फिरकली नाही. आईचा ओटा जाईल. तुमची निवृत्ती दोन वर्षांवर आलीय, ऑफिसात लोक तोंडावर हसतील. आणि शेवटी म्हटलं, ती काही बोललीच नाही तर? तुम्ही थांबलात. रागावलात की तुमची भाषा गावाकडची व्हायची. "तू कायदा शिकतीस का लपाया शिकतीस?" एवढंच बोललात आणि पुढं चालू लागलात. मी मागे. पेट्रोल पंपापाशी तुम्ही माझ्यासाठी थांबलात आणि हळू आवाजात म्हणालात, "तिची नोटीस राहिली गं माझ्याकडून. अकरा वर्षं उशीर झालाय. ती देऊ दे मला."

त्याच संध्याकाळी तुम्ही सिस्टरला पत्र लिहिलंत. मला वाचून दाखवलंत. त्यात एकही सबब नव्हती. माझ्या चुकीनं तुमच्या जागेत माझं बांधकाम आलेलं आहे, हद्दीचा नकाशा सोबत जोडला आहे, आपण पाडायला सांगाल तर मी पाडेन, फक्त सहा महिन्यांची मुदत द्यावी, अशी विनंती. पत्र माझ्याकडे दिलंत, रजिस्टर करून टाकायला. पुढं काय झालं ते तुम्हाला जेवढं माहीत होतं तेवढं आधी सांगते. तीन आठवड्यांनी मी एसटीनं फर्दापूरला गेले आणि ते पत्र सिस्टरच्या हातात दिलं. पंधरा दिवसांत ती आली. मधलं मी तुम्हाला कधी सांगितलं नाही.

ती आली तो दिवस मला अजून जसाच्या तसा दिसतो. चाळिशीची, सडपातळ, ताठ चालणारी, सोबत आठ-नऊ वर्षांची मुलगी. नवरा वारलेला. सासर शेतकऱ्यांचं, फर्दापूरच्याच बाजूचं. प्लॉट तिनं स्वतःच्या पगारातून घेतला होता आणि सासरी कुणाला कळू दिलं नव्हतं, हे तिनंच बसल्या बसल्या सांगितलं. मुलीला शहरातल्या शाळेत घालायचं, बदली मागायची आणि दोन खोल्या बांधायच्या, एवढं तिचं ठरलेलं होतं. तुम्ही तिला हद्द दाखवलीत. खडूनं स्वयंपाकघरातल्या फरशीवर रेघ ओढलीत, ओट्याच्या बरीच अलीकडे. मग म्हणालात की कामगार सांगून ठेवलेत, पश्चिमेला आमचे सहा फूट मोकळे आहेत, तिकडं नवा ओटा घालू. आई म्हणाली, पाडायचं तर पाडा, फक्त संक्रांत होऊ द्या, तिळाचं करायचंय. सिस्टर ओट्यावरून हात फिरवत होती. ती म्हणाली, "काकूंचा ओटा पाडून मी तिथं काय कोथिंबीर लावू, काका? मला शेजार पाहिजे. तुमच्या अंगणातून तेवढीच जागा द्या मला, झालं."

आणि झालंही तसंच. अंगणातले तिचे सहा फूट तर तिला परत मिळालेच, वर आपल्या अंगणातला तुकडा गेला, स्वयंपाकघराखाली तिची जेवढी जागा होती बरोबर तेवढा. या वेळी तुम्ही आपल्याच ऑफिसात रांगेत उभं राहून मोजणीचा अर्ज केलात. तुमच्या हाताखालचं पोरगं मोजायला आलं, लाजून अर्धं झालेलं. तुम्ही त्याला विचारलंत, लगतच्या खातेदारांना नोटीस दिली का. तो हो म्हणाला. मग तुमच्यासाठीची नोटीस तुम्ही त्याच्याकडून मागून घेतलीत आणि सही करून दिलीत. आईनं चहा पुढं केला, तर तुम्ही डोळ्यांनीच तिला थांबवलंत, आधी मोजणी होऊ दे म्हणून. मग अदलाबदलीचं खत झालं, नोंद झाली, आणि कंपाउंडला तो कोपरा आला. ऑफिसात लोक हसले, हसायचे तेवढे. मोजणीदारसाहेबांच्याच घराची हद्द वाकडी, म्हणाले. तुम्ही चार दिवस कमी जेवलात. पाचव्या दिवशी तुम्हीच ती गंमत पाहुण्यांना सांगायला लागलात.

सिस्टरनं पुढल्या वर्षी दोन खोल्या बांधल्या. तिची मुलगी आपल्या अंगणातून शाळेत जायची, कारण तिला वळसा घालायचा कंटाळा. आईच्या खिडकीतून कढीचं पातेलं तिकडं जायचं आणि रिकामं कधीच परत यायचं नाही. तुमच्या शेवटच्या दोन वर्षांत रोज सकाळी तुमचं बीपी बघायला तीच यायची आणि तुम्ही मीठ जास्त खाल्लंत की तुम्हाला रागवायची. माझं तुम्ही ऐकत नव्हता, तिचं ऐकायचात. ती आता नाही. तिची मुलगी स्वतः डॉक्टर झालीय आणि त्याच घरावर तिनं वरचा मजला चढवलाय. गेल्या उन्हाळ्यात प्लॅस्टरच्या वेळी आठ दिवस माझा स्वयंपाक तिच्याकडेच होता.

आता मधलं सांगते.

ते पत्र मी पोस्टात टाकलं नव्हतं. तीन आठवडे ते माझ्या पुस्तकात होतं. तुम्ही रोज पोस्टमनची वाट बघत होता आणि मी रोज तुमच्यासमोर जेवत होते. एक वर्षच तर काढायचं होतं. मग एके दिवशी भीती वाटली की ती बाई स्वतःहून आली तर? म्हणून मी एक कागद तयार केला, वकिली भाषेत. माझ्या प्लॉटच्या पश्चिमेकडील हद्दीबाबत व लगतच्या बांधकामाबाबत माझी कोणतीही हरकत नाही व पुढेही राहणार नाही. तो कागद घेऊन मी फर्दापूरला गेले. तुमचं पत्र पिशवीत होतं, पण ते द्यायला मी गेलेच नव्हते.

दवाखान्यात गर्दी होती. एका पोराच्या पायातला काटा काढता काढता तिनं मला बसायला सांगितलं. नंतर डबा उघडला आणि अर्धी भाकरी माझ्यापुढं ठेवली, कोण, कुठली, हे विचारायच्या आधी. मी सांगितलं, तुमच्या प्लॉटशेजारच्या मोजणीदारांची मुलगी. कागद पुढं केला आणि म्हटलं, घराच्या नोंदीसाठी लागतो, नुसती सही. तिनं हात पुसले, पेन घेतलं आणि सही केली. मी म्हटलं, वाचलं नाही तुम्ही. ती म्हणाली, "मोजणीदार काकांनी पाठवलाय ना? मग काय वाचायचं त्यात."

बाबा, मी पिशवीतून तुमचं पत्र काढलं आणि तिला दिलं. ते तिनं सावकाश वाचलं, नकाशा उलगडून पाहिला, आणि मग माझ्याकडे पाहिलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. सही केलेला कागद टेबलावर होता. मी तो तिच्याकडे सरकवला, फाडून टाका म्हटलं. तिनं तो परत माझ्याकडे सरकवला. म्हणाली, "बापाचं पत्र मी ठेवते. तुझा कागद तुझ्यापाशी राहू दे." संध्याकाळच्या गाडीला मला बसवून द्यायला ती स्टँडवर आली. घरी आल्यावर मी तुम्हाला एवढंच सांगितलं की पोस्टावर भरवसा वाटला नाही, कॉलेजातून सवड मिळाली तशी पत्र हातानंच देऊन आले. तुमच्या कानावर तिनं हे कधीच घातलं नाही, अगदी शेवटपर्यंत.

तो कागद मी फाडायला हवा होता ना? फाडला नाही. अदलाबदलीचं ठरलं, ती हसून चहा पिऊन गेली, तरी मी तो जपून ठेवला. न जाणो, तिचं मन बदललं तर. आज वकील म्हणून सांगते, त्या कागदानं उलट आपलीच बाजू पडली असती, कारण परवानगीनं बसलेल्याला बारा वर्षांचा फायदा मिळत नाही. इतकं अर्धवट ज्ञान घेऊन मी तुम्हाला शहाणपणा शिकवत होते. रजिस्ट्रीच्या आदल्या दिवशी आईला तो माझ्या पुस्तकात सापडला. तिनं ओट्याशी उभं राहून तो अक्षर अक्षर लावून वाचला. त्या कागदानं तिचा ओटा वाचला असता असं मला तेव्हा वाटत होतं, म्हणून मी तिला तसं सांगितलंही. तिनं स्टोव्ह पेटवला, कागद त्यावर धरला, आणि राख खिडकीतून बाहेर टाकली. "ह्यांना कळू देऊ नको," ती म्हणाली. "लई लागंल त्यांना." पुढं तिनं तो विषय कधी काढला नाही, पण त्यानंतर वर्षभर मी काही सांगितलं की ती एक क्षण थांबून मगच हो म्हणायची.

काल हे सगळं मी त्या दोघांना सांगितलं. माझ्या तोंडून हे पहिल्यांदाच बाहेर पडलं, आणि तेही अनोळखी माणसांपुढं. बायकोनं तिथंच पुण्याला फोन लावला. शेजारी म्हणाला, रविवारी येतो, बसून बघू. तो रागावलेला होता, पण येतोय. मी त्यांना सांगितलं, तो यायच्या आधी मोजणीचा अर्ज करा, आणि त्याची नोटीस त्याला नीट पोचू द्या.

एक राहिलं. तुम्ही जाईपर्यंत, घरी कुणीही आलं की तुम्ही ती गोष्ट सांगायचात. पोस्टावर सोडलं नाही माझ्या लेकीनं, म्हणायचात, शंभर किलोमीटर एसटीनं गेली आणि बापाची चूक स्वतःच्या हातानं पोचती केली. आई तिथंच बसलेली असायची, मान खाली घालून काहीतरी निवडत. मी संकोचानं गप्प आहे असं तुम्हाला वाटायचं. तसं नव्हतं, बाबा. ते कौतुक माझं नाही हे मला पक्कं माहीत होतं, तरी तुम्ही ते पुन्हा सांगावं असं मला दर वेळी वाटायचं.